यादीत ‘अज्ञात’ असेल तर आधी बेसमेंटमध्ये उतरा

तुम्ही विचारलंय, की शिकागोत १९२०च्या दशकातलं घर घेतलं, बाळ बाटलीच्या दुधावर आहे, शहराच्या यादीत तुमच्या पत्त्यापुढे सर्व्हिस लाइन (रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीतून घरात पाणी आणणारा पाइप) शिशाची आहे की नाही ते ‘अज्ञात’ आहे, पण पाण्यातल्या शिशाचा रिपोर्ट चांगला आलाय. मग काळजी सोडायची का?

इतक्यात नको. ‘अज्ञात’ म्हणजे नोंद सापडली नाही, एवढंच. शिकागोत लहान घरांना शिशाचीच लाइन घालायची असा नियमच होता, थेट १९८६ साली देशभर बंदी येईपर्यंत. अजून सुमारे ४ लाख अशा लाइन शहरात आहेत. त्यामुळे बदलल्याचा पुरावा मिळेपर्यंत तुमची शिशाचीच धरा.

रस्त्याकडच्या बाजूने पाइप जिथे घरात शिरतो, तिथपासून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंतचा तुकडा बघायचा. मीटर शोधत बसू नका, इथल्या कित्येक जुन्या घरांना मीटरच नाही. पाइपवरचा रंग आणि मळ नाण्याने अगदी हलक्या हाताने खरवडा. आत लालसर दिसलं तर तांबं. चकचकीत चंदेरी दिसलं, धातू मऊ लागला आणि चुंबक चिकटलं नाही तर शिसं. जोडापाशी कांद्यासारखा फुगवटा असेल तर शंकाच नको. चुंबक चिकटलं तर गॅल्व्हनाइज्ड लोखंड. पण त्याच्या मागे कधीकाळी शिशाचा पाइप असेल तर आतल्या गंजात शिसं साठलेलं असतं. पडलेला चुरा ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा. बाळाला तिकडे नेऊ नका.

तांबं दिसलं तरी रस्त्याखालचा भाग शिशाचा असू शकतो, तो शहराला विचारावा लागेल. अर्धीच लाइन बदलणं तर मला अजिबात पटत नाही. कापाकापीत पाइपाच्या आत साठलेला थर हलतो आणि काही काळ पाण्यात शिसं उलट वाढू शकतं.

आता रिपोर्ट. नमुन्याआधी पाणी किमान ६ तास पाइपात उभं होतं का? बाटली पहिल्याच धारेची होती का? पहिल्या लिटरमध्ये बहुतेक घरातल्या नळाचं पाणी येतं, सर्व्हिस लाइनमधलं पुढच्या लिटरांत. म्हणून अशा लाइनसाठी पाचवा लिटरही तपासतात. शिवाय १५ पीपीबी, म्हणजे अब्जात १५ भाग शिसं (२०२४च्या नियमाने पुढे १०), हा आकडा शहराने कधी हालचाल करायची त्यासाठी आहे. बाळासाठी सुरक्षित अशी पातळीच नाही. आणि शेजारी रस्ता खणला की आजचा रिपोर्ट उद्या कामाचा राहत नाही.

तोवर पाणी उकळून निर्धास्त होऊ नका. आपल्याकडची ही सवय जंतूंसाठी उत्तम, पण शिसं उकळून जात नाही, पाणी आटतं तसं दाट होतं. गरम नळाचं पाणी दुधाला किंवा भाताला घेऊ नका. फिल्टर घेताना खोक्यावर एनएसएफ ५३ (फिल्टरसाठीचं एक प्रमाणन) आणि त्यापुढे शिसं काढण्याचा स्पष्ट उल्लेख बघा. नुसती क्लोरीनची चव घालवणारे फिल्टरचे जार पुष्कळ मिळतात. कार्ट्रिज वेळेवर बदला. बाळाच्या डॉक्टरांशी रक्ततपासणीचं बोलून घ्या, आणि ३११ या शहराच्या मदत क्रमांकाला फोन करून मोफत तपासणी किट मागवा.