छोटी गाडी घेताना अ‍ॅव्हरेज बघावं की चालवायची मजा?

तुम्ही विचारलंय की रोज सातारा-कोरेगाव जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात, महिन्यातून दोनदा घरच्यांना घेऊन कास नाहीतर महाबळेश्वर. गाडी छोटीच हवी, अ‍ॅव्हरेज हवं, पण चालवताना मजाही यायला हवी. माझं माहेर पाचगणीचं. पंधरा वर्षं पसरणी घाट चढते-उतरते आहे, त्यावरून सांगते.

आधी पैशाचा हिशोब करून टाका. महिन्याला साधारण हजार किलोमीटर धरले, तर १८चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला साडेपंचावन्न लिटर पेट्रोल लागतं, १५च्या गाडीला साडेसहासष्ट. फरक अकरा लिटरचा. लिटरला १०५ रुपये धरले तर साडेअकराशे-बाराशे रुपये. एवढ्यासाठी रोज न आवडणारी गाडी हाकायची का, हे तुम्हीच ठरवा. मी तरी हाकणार नाही.

कंपनीचा आकडा फक्त दोन गाड्या शेजारी ठेवून बघायला वापरा. नवी स्विफ्ट मॅन्युअलमध्ये २४.८ सांगते, पण ती चाचणी रोलरवर, एसी बंद ठेवून होते. रस्त्यावर तेवढं पडत नाही. खरं अ‍ॅव्हरेज टाकी फुल टू फुल करूनच कळतं.

माझी चूक सांगते. मागची गाडी मी आकड्यावर भाळून घेतली, एएमटी, म्हणजे क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी. सपाटीला झकास होती. पसरणीत पाच माणसं, डिकी भरलेली, चढाचं अवघड वळण. गाडी आपणहून थर्डला जायची, वळणातून निघताना पाय दाबला की क्षणभर काहीच नाही, मग हिसका देऊन सेकंड पडायचा. मागे एसटी चिकटलेली असताना तो एक क्षण फार मोठा वाटतो. तीन वर्षांत मी गाडी विकून टाकली.

घाटातली मजा इंजिनची ताकद किती बीएचपी यावर नसते. गाडी वजनाला हलकी आहे का आणि इंजिन खालच्या फेऱ्यांवर ओढतं का, यावर असते. स्विफ्टचा साधारण ११२ एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, पूर्ण मिळतो ४३०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनच्या ४३०० फेऱ्या), म्हणजे चढाला सेकंड धरून इंजिन बोलतं ठेवावं लागतं. ती हजार किलोच्या आत आहे, त्यामुळे वळणात हाताला हलकी लागते. आय-ट्वेंटी एन लाइनच्या एक लिटर टर्बो इंजिनचा (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) १७२ एनएम १५०० पासूनच मिळतो, थर्डमध्येच चढते. पण टर्बोला पाय जड पडला की पेट्रोल भराभर जातं, आणि पाय जड पडतोच, कारण ओढ आवडते. गाडीची किंमतही वर जाते. सीएनजीचा खर्च सगळ्यात कमी, पण बहुतेक गाड्यांची डिकी टाकीने भरते आणि चढाला जोर कमी पडतो. घरच्यांसोबत सामान नेणार असाल तर मला ती पटत नाही.

तुमचं चालणं बहुतेक कोरेगाव रस्त्यावरचं आहे, म्हणून मी स्विफ्ट मॅन्युअल म्हणेन. दर खेपेला पाच जण आणि सामान असेल तरच टर्बो.

आणि उतरताना न्यूट्रल अजिबात करू नका. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की आजची इंजिनं पेट्रोल तोडतात, शिवाय ब्रेकही कमी तापतात. न्यूट्रलला इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले हायवेवर सरळ नेऊन आणतात. तुम्ही यवतेश्वर घाट मागा. घरचे तिघं मागे बसवा, एसी लावा, आणि चढावर एका वळणाआधी गाडी जवळजवळ थांबवून पुन्हा उचला. पहिला टाकावा लागला, की सेकंडमध्येच निघाली? मागे बसलेल्यांना हिसका जाणवला का, हेही खाली उतरल्यावर त्यांना विचारा.