प्लेटिंगच्या गाळाच्या विटा टीसीएलपीत पास झाल्या, तर प्रबंधाला एवढं पुरेल का?

तुमचा प्रश्न असा: प्लेटिंग (धातूवर मुलामा देणाऱ्या) कारखान्याच्या ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, गाळ सिमेंटमध्ये घालून ठोकळे केले, टीसीएलपीत (कचऱ्यातून विषारी धातू किती झिरपतात ते आम्लात हलवून पाहणारी चाचणी) क्रोमियम मर्यादेत आलं, आता भाजक्या विटा करून एम.टेक. संपवायचं आहे.

पदवी मिळेल. पण ‘गाळ सुरक्षित झाला’ असं त्यावरून लिहू नका.

टीसीएलपीत क्षारीय नमुन्याला 2.88 पीएचचं द्रावण वापरतात. त्यात लिटरला 5.7 मिलि ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे 20:1 द्रव-घन प्रमाणाने किलोभर नमुन्याला जेमतेम 2 मोल आम्ल. सिमेंट भरपूर असेल तर त्यातला चुना ते खाऊन टाकतो आणि 18 तासांनी पीएच 9-10 वर जाऊन बसतो. क्रोमियम हायड्रॉक्साइड तिथेच सगळ्यात कमी विरघळतं. म्हणजे तुम्ही मोजलात तो चुना. अर्काचा (नमुना हलवून गाळलेल्या द्रावणाचा) शेवटचा पीएच तक्त्यात नसेल तर तो तक्ता वाचण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी ईपीएची (अमेरिकेची पर्यावरण संस्था) 1313 पद्धत करा, म्हणजे वेगवेगळ्या पीएचला किती धातू विरघळतो ते पाहा. नमुना 0.3 मिमीखाली दळा, द्रव-घन प्रमाण 10 ठेवा, आधी टायट्रेशन करून प्रत्येक बाटलीचा नायट्रिक अ‍ॅसिडचा किंवा अल्कलीचा डोस ठरवा, 24 तास फिरवा. पीएच 2 ते 13 चा आलेख मिळेल. लक्ष्य पीएचपासून 0.5 पेक्षा जास्त हललेली बाटली पुन्हा करा.

भाजक्या विटेचं प्रकरण वेगळं आहे. गाळ चुन्याने न्यूट्रल केलेला असतो. त्यातलं त्रिसंयुजी क्रोमियम चुना आणि हवेसोबत भट्टीत तापलं की कॅल्शियम क्रोमेट होतं, म्हणजे षट्संयुजी, क्रोमियमचं जास्त विषारी रूप, पाण्यात विरघळणारं. आमच्याकडे तपासायला आलेल्या अशा एका विटेचा चुरा नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवला तरी पाणी पिवळं व्हायचं. डायफेनिलकार्बाझाइड (षट्संयुजी क्रोमियम ओळखणारं रसायन) टाकताच गडद जांभळं. तरी ती वीट ‘पास’, कारण एकूण क्रोमियम 5 मिलिग्रॅम/लिटरच्या आत होतं. एका परीक्षकाने लिहिलं, मर्यादेत आहे तर रंग गौण.

गौण नाही. ही 5 ची मर्यादा आली कुठून? पिण्याच्या पाण्याची 0.05 मिलिग्रॅम/लिटरची मर्यादा घेतली आणि लँडफिलमधून विहिरीपर्यंत जाताना शंभरपट पातळ होईल असं धरलं. घरगुती कचऱ्याच्या आंबट पाण्यात पडलेल्या गाळासाठीचं ते गणित आहे. पावसात भिजणाऱ्या भिंतीला ते लागू करणं चूक आहे, मग परीक्षक कितीही ज्येष्ठ असोत. विटेला ईपीएच्याच 1315 पद्धतीची टँक चाचणी हवी: अख्खा तुकडा, 63 दिवस, ठरलेल्या वेळी पाणी बदलत.

षट्संयुजी क्रोमियमचा अर्क नायट्रिक घालून ठेवू नका. आम्लात त्याचं क्षपण होऊन ते त्रिसंयुजी होतं आणि आकडा खोटा कमी येतो. गाळून थंड ठेवा, 24 तासांत 540 नॅनोमीटरवर मोजा.

गाळ टीएसडीएफच्या (घातक कचरा प्रक्रिया-विल्हेवाट केंद्राच्या) लँडफिललाच जाणार असेल तर टीसीएलपी योग्य आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. चुन्याऐवजी कॉस्टिक सोड्याने न्यूट्रल केलेल्या गाळात क्रोमेटचा त्रास कमी असू शकतो, तरी मोजाच. गाळात जस्त असेल तर सिमेंट सेट व्हायला वेळ लागतो, साचा दुसऱ्या दिवशी उघडायची घाई नको. आणि प्रबंधापलीकडे विटा खरंच वापरायच्या असतील तर घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांतल्या नियम 9 खाली प्रदूषण मंडळाची परवानगी आधी घ्या.