टॉवेलचं गवत आणि पन्नास पेट्या

प्रश्न : सर, आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतो. यजमानांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगा अकरावी सायन्सला आहे. अभ्यास ठीक आहे, मित्रही आहेत. पण उरलेला सगळा वेळ खोक्यांत पडके वाडे, किल्ले, शवपेट्या असलं करत बसतो. खोलीत कायम थिनरचा वास. बारावीनंतर यातच काहीतरी करायचं म्हणतो. यजमान विचारतात, भुतं करून पोट भरतं का? मला वेगळीच काळजी वाटते, वाढत्या वयात सतत डोक्यात हे असणं बरं का? त्याने केलेल्या एका खोक्याचा फोटो पाठवते आहे. – एक आई

ताई, तुमचं पत्र मी नंतर वाचलं. आधी तो फोटोच मोठा करकरून पाहत बसलो होतो.

ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातलं पडकं प्रार्थनाघर आहे ते. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत तिथे मातीने भरलेल्या पन्नास लाकडी पेट्या असतात. तुमच्या मुलाने सातच केल्यात. पुढच्या दोन अगदी खिळ्यांसकट, मागच्या लहान लहान होत गेलेल्या, शेवटची काडेपेटीएवढीसुद्धा नाही, आणि तिच्या मागे नुसता काळोख. उरलेल्या त्रेचाळीस बघणारा मनातच मांडतो. नेपथ्य करणारे लोक उथळ रंगमंच खोल दाखवायला हीच युक्ती वापरतात. त्याला कुणी शिकवली असेल तर त्याने ती पचवलीय. नसेल शिकवली, तर मग बोलायलाच नको.

फोटोत त्याने बाजूला पट्टी ठेवलीय, त्यावरून प्रमाण कळलं : एकास बारा. खऱ्यातला फूट तो खोक्यात इंच. जमिनीवरचं गवत टॉवेलच्या तुकड्याचं दिसतंय, हिरवं रंगवलेलं. कारखान्यातलीच चिंधी असणार. टॉवेलचा लूप चारेक मिलिमीटर धरला तर ते पाच सेंटिमीटर उंचीचं गवत झालं. झकास बसलंय. पण दाराजवळचं टेबल बघा. त्याची फळी पाच मिलिमीटरच्या सनबोर्डची, म्हणजे फोमच्या पुठ्ठ्याची आहे. बाराने गुणलं की सहा सेंटिमीटर. एवढ्या जाड लाकडावर खाटीक मटण तोडतो! खऱ्या टेबलाची फळी इंचभर असते, म्हणजे इथे दोन मिलिमीटर हवी. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण त्याची भीती तिथेच संपते आणि खोकं परत खोकं होतं. निळा लाइटही जरा जास्त झालाय. १८२२ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या चित्रकाराने पहिला ‘डायोरामा’, म्हणजे देखाव्यांचा खेळ, उघडला, तेव्हा त्याची सगळी करामत मोठमोठ्या रंगवलेल्या पडद्यांवर उजेड फिरवण्याची होती. लाइटची पट्टी लावून सगळीकडे सारखा उजेड पाडला की काळोखाला जागाच उरत नाही.

आता तुमची काळजी. धारप-मतकरींच्या गोष्टी पांघरुणात शिरून वाचत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. त्यातले बहुतेक जण आज बँकेचे हप्ते भरताहेत. अमेरिकेत फ्रान्सेस ग्लेसनर ली नावाच्या बाईंनी १९४० च्या दशकात याच एकास बाराच्या मापात संशयास्पद मृत्यूंच्या खोल्या बनवल्या. आत मेलेली माणसं, उलटलेल्या खुर्च्या, आणि टाचण्यांवर विणलेले इवलेसे पायमोजे. गुन्ह्याची जागा कशी वाचायची, हे पोलिसांना शिकवण्यासाठी ते केलं होतं. त्यातले अठरा देखावे आजही बाल्टिमोरच्या वैद्यकीय परीक्षक (संशयास्पद मृत्यूंची सरकारी तपासणी करणाऱ्या) कार्यालयात आहेत. मुलगा जेवतो, झोपतो, मित्रांत असतो, तर पेट्यांना घाबरू नका. झोप उडाली, माणसं टाळायला लागला, तर डॉक्टरांकडे न्यायचंच, पण ते खोक्यांमुळे झालं असं आपणच ठरवून टाकायचं नाही.

थिनरचं मात्र मनावर घ्या. एप्रिलच्या सोलापुरात बंद खोलीत तो वास हुंगत बसणं हे कुठल्याही भुतापेक्षा वाईट. फवारा मारायचा तर गच्चीवर, ऊन उतरल्यावर. बाकी कामाला पाण्यात कालवायचे अॅक्रिलिक रंग पुरतात.

तुमच्या यजमानांचा प्रश्न रोखठोक आहे, उत्तरही तसंच देतो. सोलापुरात भुताची खोकी विकून पोट भरणार नाही, पुण्या-मुंबईतही अवघडच. पोट भरतं ते त्यामागच्या हातावर. आर्किटेक्टना इमारतींची मॉडेल्स लागतात, संग्रहालयांना देखावे लागतात, सिनेमा-नाटकांना सेट आणि सेटच्या आधी सेटची छोटी प्रतिकृती लागते. पण मॉडेलच्या धंद्यात आता लेझर कटिंग आणि थ्रीडी प्रिंटिंग शिरलंय. नुसता कटर चालवणारा हात मागे पडेल. कॉम्प्युटरवर रेखाटून मग हाताने जिवंत करणारा टिकेल. म्हणून सुट्टीत त्याने ते सॉफ्टवेअर शिकावं. आपल्याकडे अॅक्रिलिकच्या पाट्या कापून देणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊन मशीन बघावं.

रस्ते थोडक्यात. सायन्स सोडू नये आणि गणित तर मुळीच नाही, कारण आर्किटेक्चरचं दार त्यावर उघडं राहतं. डिझाइनसाठी एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) प्रवेश परीक्षा आणि आयआयटीतल्या डिझाइनसाठी यूसीड ही परीक्षा. एनआयडीच्या दुसऱ्या फेरीतली स्टुडिओ टेस्ट असल्या मुलांसाठीच केल्यासारखी आहे. समोर साहित्य ठेवतात आणि घडवायला सांगतात. फीचा आकडा मात्र आधी बघून ठेवा. बीएफएसाठी, म्हणजे चित्र-शिल्पकलेच्या पदवीसाठी, राज्याची वेगळी सीईटी असते. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये) कलादिग्दर्शनाचा अभ्यासक्रम आहे, पण त्याला आधी पदवी लागते, म्हणजे बारावीनंतर लगेच तिकडे धावून उपयोग नाही.

आणि यातलं काहीही न निवडता त्याने साधी नोकरी धरली, तरी खोकी बंद पडत नाहीत. रत्नाकर मतकरी कितीतरी वर्षं बँकेत नोकरी करून लिहीत होते.

एक दिवस पुण्याला जा. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस, संध्याकाळी परत. कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, ते दाखवा. जमलं तर एखाद्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिथे जुन्या मुंबईतली माणसं आणि त्यांचे व्यवसाय छोट्या मूर्तींतून आणि देखाव्यांतून मांडलेत. त्याला तिथे मनासारखा वेळ द्या, ‘चल आता’ म्हणू नका.

पण मला खरी शंका आहे ती वेगळीच. आतापर्यंत त्याने सगळं स्वतःसाठी केलंय. मनाला येईल ते, मनाला येईल तेव्हा. धंद्यात दुसऱ्याची जागा असते, दुसऱ्याची तारीख असते आणि पैसेही दुसऱ्याचेच. हे त्याला झेपतं का, ते बारावीच्या आत कळलेलं बरं. मागे एका मुलाच्या हाताला भुलून मी घरच्यांना बेधडक ‘घाला आर्टला’ सांगितलं होतं. पोराने तीन वर्षांत एकही काम वेळेत पूर्ण केलं नाही. तेव्हापासून मी हात नंतर बघतो, आधी कॅलेंडर बघतो.

म्हणून काम देतो. गिऱ्हाईक : बाबा. विषय : रात्री बंद पडलेला मागाचा कारखाना, आत कुणी नाही, तरी एक माग चालू. भूत त्याचं त्याला ठेवू दे. प्रमाण तेच, पण माग बाबांच्या कारखान्यात टेप लावून मोजायचा. आडवा धागा नेणारा धोटा कुठून कुठे जातो, त्यात सुताची कांडी कशी बसते, उभ्या धाग्यांचा बीम कुठे असतो, ते बाबांना विचारून. खर्च पाचशे रुपये, एक पैसा वर नाही, हिशेब वहीत. मुदत सहा आठवडे. शेवटी बाबांनी बघून सांगायचं की माग चुकलाय की बरोबर आहे. चुकलाय म्हणाले तर दुरुस्त करायचा, वाद घालायचा नाही. यजमानांना माझ्यातर्फे एवढंच सांगा की, खोटं कौतुक करू नका.

ते झालं की दोन फोटो पाठवा, मागाचा आणि वहीच्या पानाचा. आणि प्रार्थनाघर माळ्यावर टाकण्याआधी त्याला ते टेबल बदलायला सांगा. दोन मिलिमीटर.