पोरगं ग्राउंडवर जायलाच तयार नाही

गेल्या महिन्याभरात चार आयांनी सेम प्रश्न विचारला. मॅडम, मुलगा नववीत गेला पण एक खेळ खेळत नाही, शाळेत नाव दे म्हटलं की पोटात दुखतं, जबरदस्ती करू का सोडून देऊ? फोनवर थोडं थोडं सांगितलं, पण माझ्याकडे समुपदेशनाला आलेली एक केस नीट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा चौदा वर्षांचा, घर पेठेत. आता कोल्हापूरच्या पेठेत राहून फुटबॉल नको म्हणायचं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही, इथं तालमीतालमींचे, म्हणजे पेठेतल्या मंडळांचे, फुटबॉलचे संघ, शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरात दुसरा विषय नाही, आणि ह्याचे पप्पा तर स्वतः तालमीकडून खेळलेले. पहिल्या दिवशी तिघं आले आणि अर्धा तास पप्पाच बोलले. "खाशाबा जाधवांनी १९५२ ला ऑलिंपिक मेडल आणलं, स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधनं आणलं, आपल्या राधानगरी तालुक्यातलं पोरगं, आणि ह्याला पाच मिनिटावरचं ग्राउंड लांब वाटतंय!" मुलगा खाली मान घालून बसलेला.

पुढच्या वेळी त्याला एकट्याला बोलावलं. खेळ का आवडत नाही असं विचारलंच नाही, त्याला उत्तर 'बोअर होतं' एवढंच येतं. शेवटचं कधी खेळलास, त्या दिवशी घरातनं निघाल्यापासून काय काय झालं ते सांग म्हटलं. मग हळूहळू निघालं. सहावीत वर्गावर्गाची मॅच होती, हा बॅकला, बॉल सुटला, आणि लाइनच्या बाहेरनं पप्पा ओरडले, अख्ख्या ग्राउंडला ऐकू जाईल असं. मग गाडीवर मागं बसून घरापर्यंत तेच. "मॅडम, मला फुटबॉल आवडतो, रात्री जागून बघतो. पण बॉल पायात आला की पप्पांचा आवाज येतो, ते आलेले नसले तरी."

तीन वर्षं ह्या पोराला घरात आळशी म्हणत होते. मला फार वाईट वाटलं.

फुटबॉलचं नाव मी बाजूलाच ठेवलं. पीटीच्या सरांशी बोलले. डिसेंबरच्या स्पोर्ट्ससाठी सकाळी साडेसहाला ग्राउंडवर फक्की मारायला, म्हणजे पांढऱ्या पावडरीनं लाइनी आखायला, दोन पोरं येत होती, तिसरा हा. बघणारं कोणी नाही, हरण्याजिंकण्याचं काही नाही, काम झालं की वाटलं तर एक राउंड पळायचं. स्पोर्ट्स संपेपर्यंत जायचं, नंतर नको वाटलं तर बंद, घरातनं कोणी का म्हणून विचारायचं नाही, हे आधीच ठरवलं. आई म्हणाली, फक्की मारणं हा काय खेळ झाला? मी म्हटलं, जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगाला दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते, त्यात मेडलचा उल्लेख नाही, आणि आधी तो घराबाहेर तर पडू दे.

पप्पांचं काम जास्त अवघड होतं. त्यांच्याबरोबर दोनदा बसले. त्यांच्या वडिलांनीही त्यांना असंच शिकवलेलं, ते सांगताना त्यांचा आवाज बसला. त्यांना एकच सांगितलं, खेळून आल्यावर पोरगं स्वतः बोलेपर्यंत थांबायचं, आणि बोललं की चूक दाखवायची नाही, पुढचं ऐकायचं.

प्रत्येक घरात कारण हेच असेल असं नाही हं. मुलींच्या बाबतीत कितीदा तरी पाळी, पांढरी पँट आणि ग्राउंडजवळ टॉयलेट नसणं एवढंच असतं, पण ते विचारत कोणी नाही. लवकर धाप लागत असेल, छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर. आणि मूल शाळेतच जायचं टाळत असेल, झोप, जेवण उडालं असेल तर खेळाचा विषय सोडा, ते आधी बघा.

ह्या पोरानं स्पोर्ट्सला आठशे मीटरला आपणहून नाव दिलं. नऊ जणांत सहावा आला. पप्पा गेटपाशी उभे होते, आत आले नाहीत. येताना गाडीवर बराच वेळ कोणीच बोललं नाही, मग मागनं तो म्हणाला, दुसऱ्या राउंडला पोटात कळ आली होती.

"मग?" पप्पांनी एवढंच विचारलं, आणि घर येईपर्यंत तोच बोलत होता.