चार कोटी अंकी मूळ संख्या तपासतात कशी?

प्रश्न : ऑक्टोबर २०२४ मध्ये ४ कोटींहून अधिक अंकांची मूळ संख्या जाहीर झाली. तिला कशानेच भाग जात नाही, हे इतक्या खात्रीने कसे सांगतात? उद्या एखादा भाजक सापडला तर?

उत्तर : सापडणार नाही. भाजक शोधून दमले म्हणून तिला मूळ ठरवलेले नाही. ते सिद्ध झालेले आहे. ही संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. याच घडणीच्या संख्यांना लुकास-लेमर कसोटी लागू पडते, इतरांना नाही. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या फेऱ्या झाल्यावर बाकी ० आली तरच संख्या मूळ.

२ चा ७ वा घात वजा १, म्हणजे १२७ घ्या. पाच फेऱ्यांत १४, ६७, ४२, १११, ० अशा बाक्या येतात. प्रत्यक्ष भागाकाराचीही गरज नाही. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७; त्यात १२८ पस्तीस वेळा बसतात आणि ७ उरतात; ३५ + ७ = ४२, हीच बाकी. (बेरीज १२७ आली की ती ० धरायची.) संगणकाला हे फार सोयीचे, कारण द्विमान पद्धतीत नुसते वरचे अंक तोडून खालच्यांत मिळवायचे असतात.

खरा वेळ वर्ग करण्यात जातो. गुणाकार झटपट व्हावा म्हणून तो दशांश अपूर्णांकांत करून शेवटी जवळच्या पूर्णांकावर आणतात. तिथे एक अंक चुकला की पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया. अशा चुकीने बहुधा खरी मूळ संख्या हातची निसटते. खोटे शून्य क्वचितच येते, पण तेही चालणार नाही. म्हणून ही संख्या शोधणारे ल्यूक ड्युरंट यांच्या प्रकल्पात डब्लिनमधल्या यंत्रावर ११ ऑक्टोबरला ही संख्या प्राथमिक चाचणीत उतरली, दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोतल्या यंत्राने लुकास-लेमर कसोटी पूर्ण केली, आणि वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या प्रोग्रामने पुन्हा पडताळल्यावरच ती जाहीर झाली.

प्रश्न : घातांक मूळ असला म्हणजे पुरे ना?

उत्तर : नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. मात्र घातांक मूळ नसेल तर संख्या नक्कीच विभाज्य. भाजक शोधतानाही घातांकाची दुप्पट गुणिले काहीतरी, अधिक १, एवढेच तपासायचे: २३ म्हणजे २२ + १, ८९ म्हणजे ८८ + १.

प्रश्न : लॉगच्या तक्त्यातला २ चा लॉग ०.३०१०३ घेऊन, त्याला घातांकाने गुणून या संख्येचे अंक मोजले तर ४,१०,२४,३२१ आले. छापून आले ते ४,१०,२४,३२०. कुठे चुकले?

उत्तर : रीत बरोबर आहे, तक्ता अपुरा पडला. ०.३०१०३ मधली चूक दशांशानंतरच्या नवव्या स्थळी आहे; पण तिला साडेतेरा कोटींनी गुणल्यावर ती ०.५९ होते आणि पूर्णांक ओलांडला जातो. ०.३०१०२९९९५६६३९८ घ्या. गुणाकार ४,१०,२४,३१९.९४५३२ येईल, म्हणजे पूर्णांकात १ मिळवून अंक ४,१०,२४,३२०. उरलेल्या ०.९४५३२ चा अँटिलॉग (१० चा तितकावा घात) काढा, संख्येची सुरुवातही मिळेल: ८८१६.