बसस्थानकाच्या भिंतीवर वारली चित्रे

प्रश्न : आमच्या गावातील महिला मंडळ व शाळेतील मुले मिळून बसस्थानकाची भिंत वारली चित्रांनी रंगवणार आहेत. गेरू आणि तांदळाचे पीठ वापरले, तर चित्र टिकेल का?

उत्तर : उघड्यावर पहिल्याच पावसात ते धुऊन जाईल. डहाणू-तलासरीकडे कुडाची भिंत शेणमातीने सारवून, तिच्यावर गेरूचा हात देऊन, तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने रेखतात. ती चित्रे घरात असतात आणि प्रसंगापुरती असतात. तुम्ही आधी भिंतीची ओल थांबवावी, प्रायमर पूर्ण वाळू द्यावा आणि बाहेरच्या भिंतींसाठीचाच ॲक्रिलिक रंग घ्यावा. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर खडूने आतून बाहेर आखून घेतला, तर मुलांच्या हातून माणसांची मापे बिघडत नाहीत. भातलावणी, मासेमारी हे विषय जरूर घ्यावेत. पालघाट या वारली देवीचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायची चौकट, मात्र सवाशिणी लग्नविधी म्हणून लिहितात (रेखतात), तो शोभेसाठी काढू नये, असे माझे ठाम मत आहे. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तरी अनेक वारली चित्रकारांना आजही रास्त मोबदला मिळत नाही. म्हणून शक्य झाल्यास एखाद्या वारली चित्रकाराला मानधन देऊन बोलवावे आणि त्यांचे नाव भिंतीवर ठळक लिहावे.