माणच्या माळाचा हिशेब आणि वडिलांची अट

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्यातील मजकूर थोडक्यात सांगते. सातारा जिल्ह्यातील माण तालुका तरुणपणी सोडून आपण वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार म्हणून राबलात आणि कोपरखैरण्यात घर केलेत. आपली मुलगी ठाण्याच्या महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला अर्थशास्त्र शिकते आहे. तिला पुढे कोरडवाहू जमिनीच्या व्यवस्थापनाचे अर्थशास्त्र शिकायचे आहे आणि तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात अशी आपली इच्छा आहे. ‘ज्या माळाने आम्हाला हाकलून दिले, त्याच माळाचा अभ्यास करायला ही निघाली आहे,’ असे आपण लिहिता. त्या वाक्यातले दुःख खरे आहे आणि ते मी हलके लेखत नाही.

तिच्या 68 टक्के गुणांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाची. या वर्षी बँकेचा अर्ज भरला नाहीस तर गावाकडची वडिलोपार्जित चार एकर विकून टाकीन, म्हणजे तिकडे वळून बघायचे कारणच उरणार नाही, असे आपण तिला सांगितले आहे. आणि मला विनंती केली आहे की या क्षेत्रात वाव नाही असे मी लिहावे, पण आपण पत्र पाठवल्याचे तिला कळू नये. ही विनंती मी मान्य करणार नाही. एकवीस वर्षांच्या मुलीच्या भविष्याविषयी तिच्या पाठीमागे ठरवलेले उत्तर हे मार्गदर्शन नव्हे. हे उत्तर कृपया तिला दाखवावे.

जमिनीविषयी आधी, कारण ते नुकसान भरून येणारे नाही. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या कायदा-दुरुस्तीनंतर मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. ज्या चार एकरांची आपण तिला धमकी देत आहात, त्यांत तिचाही वाटा असण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकत घेता येते. नावावरची सगळी जमीन एकदा गेली की उद्या मन बदलले तरी ती पुन्हा घेणे अवघड होऊन बसते. रागाच्या भरात सातबारा दुसऱ्याच्या नावे करण्यापूर्वी एखाद्या वकिलाला भेटावे, आणि ही अट तर आजच मागे घ्यावी.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. ‘माळावर कसले आले अर्थशास्त्र? जिथे पिकत नाही तिथे पैसा कुठला?’ असे आपण विचारता. हा समज आपल्या एकट्याचा नाही, तो सरकारी कागदपत्रांतही मुरलेला आहे. ज्या जमिनीला सातबाऱ्यावर पडीक किंवा पोटखराबा (लागवडीला अयोग्य) म्हटले जाते, तिच्यावर मेंढ्या चरतात, तिच्यातून मुरलेले पाणी खालच्या विहिरीत उतरते. शेतात मेंढ्या बसवल्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात आणि शेतकऱ्याला खत मिळते. यातले काहीही सरकारी हिशेबात येत नाही, म्हणून ते शून्य धरले जाते. उलट, उतारावरची माती दरवर्षी थोडीथोडी वाहून जाते तो तोटाही कुणाच्या वहीत चढत नाही. ज्वारीचा उतारा घटला की आपण पावसाला दोष देऊन मोकळे होतो. न मांडलेला लाभ आणि न मांडलेला तोटा या दोहोंचा हिशेब करणे, हे या विषयाचे मुख्य काम. तो हिशेब लहान नाही. दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने 2018 च्या अभ्यासात जमिनीची अवनती (म्हणजे माती वाहून जाऊन वा कस घटून जमीन निकृष्ट होणे) आणि जमीनवापरातील बदल यांमुळे 2014-15 या एका वर्षात झालेले देशाचे नुकसान स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे 2.5 टक्के काढले होते. इस्रोच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशासंग्रहानुसार देशाच्या भूभागापैकी जवळजवळ 30 टक्के जमीन अवनत झालेली आहे. एवढ्या मोठ्या तोट्याचा हिशेब ठेवायला माणसे लागणार नाहीत, असे आपल्याला वाटते का?

हे काम प्रत्यक्षात कसे असते, ते एका ओढ्याच्या पाणलोटावरून सांगते. आपण ही कामे गावाकडे पाहिली असतील. माथ्यावर उताराला आडवे, पाणी अडवणारे सलग समतल चर खणले, खाली मातीचे नालाबांध घातले, गायरानावर काही वर्षे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. पाणी मुरते माथ्याला, विहिरी भरतात पायथ्याच्या. ओढ्याकाठी ज्याची विहीर आहे तो रब्बीचे पीक हमखास घेतो, पुढे डाळिंब लावतो. ज्याला गुंठाभरही जमीन नाही पण वीस शेळ्या आहेत, त्याला गायरान बंद होताच पहिल्या उन्हाळ्यात निम्म्या शेळ्या पडेल भावाने विकाव्या लागतात. चरांचा खर्च सरकारी अंदाजपत्रकात असतो, डाळिंबाचे उत्पन्न शेतकऱ्याच्या खात्यात असते, शेळ्यांचा तोटा मात्र अहवालाच्या एकाही रकान्यात नसतो. असा माणूस एके रात्री शेळ्या गायरानात सोडतो, तेव्हा गाव त्याला आडमुठा म्हणते. त्याला नव्या गवताचा पहिला वाटा द्यावा, की वाढलेल्या पाण्यात हिस्सा द्यावा, आणि किती द्यावा, हे आकड्यांनिशी सांगणारी व्यक्ती तिथे हवी असते. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात सुरू केलेल्या पाणीपंचायतीत पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिले जाई, भूमिहीनांनाही त्यात वाटा होता आणि उसाला मनाई होती. तो चांगुलपणा तर होताच, पण त्यामागे पक्का हिशेबही होता, आणि तो आजही अभ्यासण्याजोगा आहे.

एक गोष्ट जरा स्पष्टच सांगते. हमालाच्या पाठीवरच्या ओझ्याची किंमत कुणीतरी व्यापाऱ्याच्या वहीबाहेर जाऊन मांडली, म्हणून 1969 चा माथाडी कायदा झाला आणि आपल्याला भविष्य निर्वाह निधी मिळाला. आपली मुलगी तेच काम जमिनीच्या बाबतीत करू पाहते आहे. ती माघारी जात नसून आपल्याच वाटेने पुढे निघाली आहे, असे मला वाटते.

मात्र तिनेही भाबडेपणाने या विषयात पडू नये. सुरुवातीचा पगार बँक अधिकाऱ्यापेक्षा बहुधा कमी असतो आणि प्रकल्पांतील पुष्कळशा जागा कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. उन्हाळ्यात गावोगाव फिरून माहिती गोळा करावी लागते. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण या गावांत इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1975 पासून घराघरांचा जमाखर्च नोंदवून घेतला. जगभरच्या संशोधकांनी वापरलेली ती आकडेवारी जमवण्यासाठी नोंदी घेणारी माणसे गावातच मुक्कामाला राहत असत. ‘पर्यावरणाची आवड’ एवढ्या भांडवलावर हे झेपत नाही. आणि झाडे लावणे म्हणजे हा विषय नव्हे: कूपनलिकेने उपसलेले पाणी प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात भरून उन्हात वाफ होऊ देणे हा तोट्याचा व्यवहार आहे, हे त्या शेततळ्याच्या मालकाला तोंडावर सांगण्याची तयारी लागते.

मार्ग सर्वांना ठाऊक आहेत. पुण्याची गोखले संस्था, कलिन्याचा मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग किंवा चेन्नईचे मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे पदव्युत्तर शिक्षण घेता येते; त्यानंतर भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा, पाणलोट क्षेत्रातील संस्था किंवा संशोधन असे पर्याय आहेत.

बँकच हवी असेल तर नाबार्डचा, म्हणजे शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेचा, विचार आपण दोघांनी मिळून करावा. ग्रेड ए अधिकारी पदाची परीक्षा पदवीनंतर देता येते, नोकरी कायम स्वरूपाची आहे, आणि ग्रामीण पतपुरवठा व पाणलोट विकास हे त्या बँकेचे नेहमीचेच काम आहे. पण हा सुचवलेला मार्ग आहे, नवी अट नव्हे. आपल्याच तालुक्यात म्हसवडला 1997 मध्ये स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक उभी केली, हे आपल्याला माहीत असेलच. तेव्हा बँक एकीकडे आणि माळ दुसरीकडे अशी जी फाळणी आपण मनाशी केली आहे, ती आपल्या गावाकडेच खोटी ठरलेली आहे.

यापुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. सोबत गणित आणि संख्याशास्त्र या विषयांचे सत्रवार गुण कळवावेत, कारण एकूण टक्केवारीपेक्षा प्रवेश परीक्षेत तेच आडवे येतात. त्यात ती कच्ची असेल तर एक वर्ष घरी राहून तयारी करणे योग्य ठरेल, आणि त्या वर्षाचा खर्च आपल्याला कितपत पेलेल हेही त्याच पत्रात मोकळेपणाने लिहावे.